दर्या कचेरीच्या वेळेत येत नाही

होडी नुसती किनाऱ्याला उभी केली तरी तिच्या बुडाला कालवं चिकटतात. तसंच नगरपंचायतीत माणूस नुसता बसला तरी त्याला किस्से चिकटतात. मी दोन टर्म बसलो. नुसताच बसलो, कारण मला बोलायला कोण देत नव्हतं, आणि मी बोललो की बाकीच्यांना बसवत नव्हतं! आता घरात बसून ती कालवं खरवडतोय. खरवडताना हाताला लागतं, ते वेगळं.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढे मास्तरांनी माझा आणि मी मास्तरांचा नाद सोडला. जन्म गेला होडीवर. हे लिहिलंय त्यातलं शुद्धलेखन नातीने तपासलं आहे. मतं मात्र तिला तपासू दिलेली नाहीत.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या चार जण दारात येतील आणि चहा करावा लागेल. रत्नागिरीहून एसटीत बसलात आणि शेजारचा माणूस बडबडा निघाला, तर त्याचं पुराण संपायच्या आत आमचा स्टॉप येतो, एवढं समजा. आधी आमची ग्रामपंचायत होती. मग नगरपंचायत झाली. फरक एवढाच पडला की, आधी रस्त्याला खड्डे होते, ते आता शहरी खड्डे झाले!

आमची कचेरी जुन्या मच्छी लिलावाच्या शेडवर मजला चढवून केलेली. खाली सुरमईचा लिलाव, वर आमचा. सभागृहाच्या खिडक्या दर्याच्या बाजूला. पण त्या कायम बंद, कारण एसी बसवलाय.

नगराध्यक्ष बंडूशेठ, आंब्याचा व्यापारी. माणूस वाईट नाही. दुखणं तेच आहे. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं.

आणि आमच्यात एक होती इंदू. मच्छी विकणारी, खालच्या ओळीत राहणारी. खालची ओळ म्हणजे किनाऱ्याकडची घरांची शेवटची रांग. आधी दर्या, मग पुळण म्हणजे वाळूचा पट्टा, मग केवड्याचं बन, मग इंदूचं घर. हा क्रम तेवढा ध्यानात ठेवा. बाकी किश्श्यांत ध्यानात ठेवण्यासारखं काही नाही.

*

इंदू निवडून आली त्याचं कारण तिचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. राखीव वॉर्डाची रीत सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. बाई निवडून येते आणि तिचा नवरा खुर्चीत बसतो.

पहिल्या सभेला इंदूचा नवरा वसंता इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून हजर! टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पाटी ठेवलेली. इंदूच्या पाटीमागे हा जाऊन बसला. कोणाला काही वाटलं नाही. बंडूशेठने तर हात जोडून "या वसंतराव" म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला वसंतराव म्हणालं असेल.

एवढ्यात इंदू आली. बाजारातून थेट, डोक्यावर बांगड्यांची पाटी. दारात उभी राहिली आणि नवऱ्याला विचारते, "अवो, ती टेबलावरची पाटी कुणाची?"

"तुझी."

"आणि ही डोक्यावरची?"

वसंता म्हणाला, "ती पण तुझीच."

"दोन पाट्या एका बाईला नाय झेपत. एक उचला!"

वसंता उठला, बांगड्यांची पाटी घेतली आणि पेनासकट बाजारात गेला. त्या दिवशी गावात बांगडा फार स्वस्त गेला म्हणतात. वसंताला भाव धरता येत नसे.

*

इंदूने पहिला विषय मांडला तो दर्याचाच. तिने सांगितलं ते साधं होतं. पूर्वी उधाण आलं की पाणी केवड्यापर्यंत येऊन परत फिरायचं. आता ते केवड्याच्या आत येतं. पुळण दर पावसाळ्यात कमी होते. बन राखा, पुळणीवर काही बांधू नका, आणि पुढे काय करायचं ते आत्ताच ठरवा.

पण विषयपत्रिकेवर यायचं म्हणजे सरकारी भाषेत यायला पाहिजे. कचेरीतल्या दत्ताने तिचं म्हणणं ऐकलं आणि विषय लिहिला, 'हवामान बदल करणेबाबत विचार करणे.'

सभा सुरू झाली. शोकप्रस्ताव झाला, मागच्या सभेचं वाचून झालं, गटारांवर भांडण झालं. मग हा विषय आला. बंडूशेठने तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"हवामान बदलायचा अधिकार नगरपंचायतीला आहे का, ते आधी बघा!"

आमचे मुख्याधिकारी, ज्यांना सगळे सीओसाहेब म्हणत, ते सोलापूरकडचे. तरुण, हुशार, नाकासमोर चालणारे. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तशी स्पष्ट तरतूद दिसत नाही. वरून मार्गदर्शन मागवू."

मी म्हटलं, "बदलणार असाल तर मे महिन्यातलं बदला. घामोळं फार येतं."

हशा झाला. मीही हसलो. इंदू हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, तुमचं मार्गदर्शन वरून यायच्या आत माझ्या घरात खालून पाणी येईल."

दत्ताने इतिवृत्तात लिहिलं, 'सखोल चर्चा झाली.'

*

मग आम्हाला रत्नागिरीला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय तोच, हवामान बदल. मोठा हॉल, गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येकापुढे प्लास्टिकची पाण्याची बाटली, आणि पाहुण्यांना दिलेला गुच्छ प्लास्टिकात गुंडाळलेला. पहिल्या भाषणाचा विषय, प्लास्टिकमुक्त गाव!

एसी असा काही लावलेला की बर्फात ठेवलेल्या पापलेटाला आमची दया यावी. बंडूशेठने टोपी कानावर ओढली. सखाराम गुरव, आमचा आणखी एक सदस्य, त्याने तर टेबलावरचा पांढरा कपडा काढून अंगाला गुंडाळला.

शिकवायला आलेल्या बाई मोठ्या उत्साहाच्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांना वातावरणातला बदल जाणवतोय?"

सगळ्या हॉलने हात वर केले.

बाई खूश झाल्या. "छान! सांगा बरं, काय जाणवतंय?"

सखाराम कपड्यातूनच ओरडला, "बाय, आधी तो एसी बंद करा!"

जेवण मात्र झकास होतं, खोटं कशाला बोला. परतताना बाकीचे एकेकटे आपापल्या गाड्यांनी गेले. 'एका गाडीतून चौघांनी प्रवास करावा' हे सकाळीच शिकवलं होतं. पण चौघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, त्याला बाई काय करणार?

मी आणि इंदू एसटीने आलो. खिडकीला डोकं टेकून ती म्हणाली, "आप्पा, सासूबाय गेली तेव्हा मला म्हणालेली, घर सांभाळ. तेव्हा वाटलं, पोरांपासून सांभाळ म्हणतेय. वाटण्या करू देऊ नको म्हणून."

"मग?"

"मग काय! पोरगे दोघेही मुंबैला. त्यांना घर नकोच हाय. हवं हाय ते दर्याला."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अशा वेळी बाहेर काही बघण्यासारखं नसलं तरी बघावं.

*

आता केवड्याचं ऐका.

एका वर्षी वरून पत्र आलं की, प्रत्येक गावाने झाडं लावायची. मोठे पाहुणे येणार, फोटो निघणार. जागा कुठली? बंडूशेठ म्हणाला, पुळणीच्या कडेला लावू, मागे दर्या दिसेल, फोटो चांगला येईल. कल्पना सगळ्यांना पसंत पडली.

पण पुळणीच्या कडेला आधीच केवडा होता. आणि केवड्यात साप असतात. पाहुण्यांना साप चावला तर? आमच्या अख्ख्या गावात केवड्यातला साप कुणाला चावल्याचं मी ऐकलेलं नाही. केवड्यात शिरायला जातो कोण? त्याच्या पानांचे काटेच साफ सोलून काढतात. पण साप म्हटलं की सगळे शहाणे होतात.

नेमकी त्याच आठवड्यात इंदू खेडला भाचीच्या लग्नाला गेली होती. मी माझ्या परीने ओरडलो, पण मी रोजच ओरडतो, त्यामुळे ते ओरडणं आहे असं कोणाला वाटलं नाही. सकाळी जेसीबी आला. दुपारपर्यंत बन सपाट. संध्याकाळी तिथे शोभेच्या पामची रोपं लावली. कुंडीतून काढून वाळूत! झाडं लावायला जागा पाहिजे म्हणून झाडं तोडली आणि वर टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "या गावाचा आदर्श इतरांनी घ्यावा."

दोन दिवसांनी इंदू परतली. स्टँडवरून तशीच पुळणीवर आली, हातात लग्नाच्या लाडवांचा डबा. बघत राहिली. मला वाटलं, आता ही कोणाच्या तरी अंगावर जाणार. बंडूशेठलाही तसंच वाटलं असावं, कारण तो माझ्या मागे उभा राहिला.

ती एवढंच म्हणाली, "बंडूशेठ, सापांचं पुनर्वसन कुठं केलंत?"

मग डबा उघडून तिने दोघांना एकेक लाडू दिला. तो लाडू मला गिळवला नाही. बंडूशेठने खाल्ला. म्हणूनच म्हटलं, माणूस वाईट नाही.

पाम पहिल्याच पावसात गेले. पाण्यावर तरंगत गेले, रांगेत, जसे लावले होते तसे.

*

केवडा गेला आणि वाळूला धरायला कोणी उरलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी इंदूच्या मागच्या पडवीत आलं. चूल विझली. ती कचेरीत आली आणि म्हणाली, निदान दगडाचा बंधारा तरी घाला.

सीओसाहेब म्हणाले, "पाहणी केल्याशिवाय काही करता येत नाही." माणूस सरळ. दुसऱ्याच दिवशी सकाळी, कचेरी उघडल्या उघडल्या पाहणीला आले. बरोबर टेप घेतलेला दत्ता, आणि मी, फुकटचा.

इंदूने पडवी दाखवली. भिंतीवर मिठाचा पांढरा पट्टा होता, तो दाखवला. साहेबांनी मान डोलवली आणि बाहेर पुळणीवर आले. डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं.

"समुद्र कुठाय?"

ती वेळ सुकतीची, म्हणजे ओहोटीची. पाणी पार खडकांच्या पलीकडे गेलेलं. मधे ओली वाळू, खेकडे आणि कावळे. सोलापूरच्या माणसाला वाटलं, समुद्र म्हणजे तळ्यासारखा एका जागी बसलेला असतो!

"साहेब, सुकती हाय," इंदू म्हणाली. "बाहेर गेलाय तो. जेवणाच्या वेळेला घरी येतो."

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

ती म्हणाली, "खरंच सांगते. माझ्याकडेच जेवा. कोळंबीचं कालवण करते. तुमचं जेवण होईस्तोवर तो पण येईल, मग दोघं समोरासमोर बोला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "जेवणाच्या सुट्टीनंतर माझी व्हिडिओ कॉन्फरन्स आहे, ताई."

"कशावर?"

"किनारी गावांच्या संरक्षणावर."

मी खाली बसलो. वाळूतच.

दत्ताने टेप धरला, साहेबांनी आकडा घेतला, आणि पाहणी अहवालात लिहिलं गेलं की, समुद्र वस्तीपासून पुरेशा अंतरावर आढळून आला. खोटं त्यात काहीच नव्हतं. आढळला तेव्हा तो तिथेच होता. दर्या कचेरीच्या वेळेत येत नाही, ही चूक दर्याची!

*

मध्ये एकदा शपथ झाली. पर्यावरणाची शपथ, सगळ्या गावाने एकत्र घ्यायची असा हुकूम. जागा देवळाचं अंगण, कारण माणसं तिथेच जमतात. शपथ सीओसाहेब वाचणार होते, पण त्यांचा घसा बसला होता. बंडूशेठ म्हणाला, "सखाराम, तू वाच. तुझा आवाज खणखणीत."

आता सखाराम गुरव हा सदस्य नंतर झाला. त्याच्या आधी पिढ्यानपिढ्या देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात देवापुढे गावाच्या वतीने एकजण गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

सखारामने कागद धरला. समोर देवी. मागे गाव. अंगण तेच, पायरी तीच. पहिलं वाक्य त्याने नीट वाचलं, "आम्ही अशी शपथ घेतो की, पाण्याचा अपव्यय करणार नाही." दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज लांबला. तिसऱ्याला सूर लागला.

"आणि ह्या गावाच्या हद्दीत… झाडाझुडपांची तोड म्हणून होणार नाही…"

कोणीतरी मागून सवयीने ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

झालं! सखारामने कागद खिशात घातला आणि डोळे मिटले.

"प्लास्टिकची पिशवी जो कोण वापरील, त्याला तू सद्बुद्धी दे…"

"व्हय म्हाराजा!"

"खालच्या आळीवर दर्याने वाकडी नजर केली असेल, तर ती तू सरळ कर…"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव. सीओसाहेब सुद्धा, बसलेल्या घशाने!

शेवटी नारळ फुटला, खोबरं वाटलं, फोटो वर पाठवले. लोक इतके मनापासून ओरडले होते की, मला वाटलं आता काहीतरी होणार. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. पण खोबरं खाता खाता तिच्याच ध्यानात आलं.

"आप्पा," ती म्हणाली, "शपथ आपण घ्यायची होती. ही तर देवीलाच घ्यायला लावली."

बंडूशेठला मी विचारलं, बंधाऱ्याचं काय? तो खरोखरच्या श्रद्धेने वर हात करून म्हणाला, "आप्पा, सगळ्या गावाने गाऱ्हाणं घातलंय. आता तिचं काम."

शपथेत करणारे आपण असतो. गाऱ्हाण्यात करणारा देव असतो. आमची सगळी नगरपंचायत ह्या एका फरकात बुडाली. देवीने त्या विषयावर अजून निर्णय दिलेला नाही.

*

गणपतीच्या आधी मोठं उधाण आलं. दिवसाउजेडी आलं, एवढे त्याचे उपकार. माणसं, भांडी, इंदूच्या सासूचा फोटो, सगळं बाहेर निघालं. मग मागची भिंत गेली, मग पडवी, मग माजघर. खालच्या ओळीतली सगळी घरं गेली नाहीत. इंदूचं गेलं, शेजारचं अर्धं गेलं. बाकीची आता शेवटच्या रांगेत आली आहेत.

टीव्हीवाला आला. त्याने वसंताच्या तोंडापुढे माईक धरला. "काका, काय भावना आहेत?"

वसंता पाटी घेऊन बाजारातून धावत आला होता. पाटी अजून डोक्यावरच होती. तो म्हणाला, "मी रोज बाजारात, ही रोज सभेत. घरात कोण नसायचं. बघितलं असेल त्याने, रिकामं हाय म्हणून."

टीव्हीवाल्याने ते दाखवलं नाही. त्याला रडणारा माणूस हवा होता.

बंडूशेठ आला. स्वतःच्या आंब्याच्या कोठीतली ताडपत्री घेऊन आला, गुडघाभर पाण्यातून. त्याने इंदूचे दोन्ही हात धरले आणि खरंच रडला. "इंदू, काय हवं ते सांग. तू फक्त तोंडातून काढ. उद्याच्या उद्या आणून देतो."

इंदू दर्याकडे बघत होती. म्हणाली, "केवडा."

बंडूशेठने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरंच आणून दिला. रत्नागिरीच्या बाजारातून, खास गाडी पाठवून. गणपतीचे दिवस, बाजारात केवडा मिळतोच. एक कणीस, पानात गुंडाळलेलं, वर दोरा बांधलेला. वास सगळ्या आळीला येत होता.

*

शेवटचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

आमच्या सभेची सुरुवात शोकप्रस्तावाने होते. गावात कोण ना कोण गेलेलं असतंच. कोणीतरी उठून नाव घेतो, 'मनमिळाऊ होते' म्हणतो, मग सगळे दोन मिनिटं उभे राहतात, आणि ठरावाची प्रत दत्ता वारसांना पोस्टाने पाठवतो. खरं सांगायचं तर आमच्या नगरपंचायतीने वेळेवर आणि एकमताने केलेलं काम हे एकच.

आमच्या मुदतीतली ती शेवटची सभा. इंदू तेव्हा वरच्या आळीत बहिणीकडे राहत होती. त्या दिवशी वीज गेली. एसी बंद पडला, सगळे घामाने निथळायला लागले. दत्ताने उठून खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यातली एक तर गंजून बसलेली, ती त्याने बुक्क्या मारून उघडली.

बंडूशेठने विचारलं, "कोणाचा शोकप्रस्ताव आहे का?"

इंदू उठली. "माझा हाय."

"कोण गेलं?"

"पुळण."

मागून सखाराम, कुणा बाईचं नाव समजून, म्हणाला, "कुठची? वरच्या आळीतली? ती म्हातारी कालच बाजारात दिसली मला."

कोणीतरी हसलं. इंदूने पदर खांद्यावरून नीट घेतला आणि शोकप्रस्ताव जसा बोलतात तसाच, एका सुरात बोलली.

"आपल्या गावची पुळण दीर्घ आजाराने गेली. ती मनमिळाऊ होती. पोरं तिच्यावर खेळली, आमची मच्छी तिच्यावर सुकली, होड्या तिच्यावर उभ्या राहिल्या. तिने कोणाकडे कधी काही मागितलं नाय. तिच्या जाण्याने गावाचं नुकसान झालं. अध्यक्षांनी दोन मिनिटं उभं राहावं, ही विनंती."

सीओसाहेबांनी नियमांच्या पुस्तकाकडे हात नेला. पण त्याआधीच बंडूशेठ उभा राहिला. मग सखाराम. मग आम्ही सगळे. सीओसाहेबही पुस्तक मिटून उभे राहिले.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खाली लिलावाच्या शेडमध्ये सुद्धा कोण बोलत नव्हतं, कारण लिलाव आटपला होता. उघड्या खिडकीतून भरतीचा आवाज येत होता. इतका जवळून येतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

वेळ होऊन गेली तरी खाली कोण बसेना. शेवटी बंडूशेठ टेकला, तसे बाकीचे टेकले.

दत्ता ठराव लिहीत होता. मान वर न करता, नेहमीच्या सवयीने त्याने विचारलं, "ताई, वारस कोण लावू? प्रत पाठवायची, पत्ता सांगा."

इंदूने खिडकीकडे बघितलं.

"पाठवू नको रे," ती म्हणाली. "तो स्वतःच येतोय न्यायला."